गाईचं कातडं, गाईचं मूत

गाईच्या कातड्यावर गाईचं मूत शिंपडून ते शुद्ध करून घेणारं माणूस तुम्ही कधी पाहिलंय का?

मी पाहिलंय. नगरला, सावेडीतल्या एका बंगल्यात, भर दुपारी. बाईंच्या हातात फवाऱ्याची बाटली होती. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायला असते तसली. बाई हसत होत्या. आणि ज्याच्यावर त्या फवारत होत्या ते मी नुकतंच अंगातून काढून ठेवलं होतं. त्याला माझ्या अंगाची ऊब होती अजून.

सूट होता तो. मोटारसायकल ट्रॅकवर पळवायची तर असा सूट लागतो. मानेपासून घोट्यापर्यंत सलग, जाड लेदरचा. पडलात तर डांबरावर तुमची कातडी सोलू नये म्हणून जनावराची कातडी. तो नसेल तर ट्रॅकवर चाकसुद्धा घालू देत नाहीत.

बंगला भाऊसाहेबांचा. भाऊसाहेब म्हणजे एका रायडिंग क्लबचे अध्यक्ष. गाड्यांचं शोरूम, मंगल कार्यालय, बाकी काय काय. त्यांचा मुलगा परदेशी गेलेला, त्याचे दोन जुने सूट घरात पडून होते. येत्या रविवारी क्लबचा ट्रॅक डे होता, म्हणजे दिवसभर ट्रॅकवर गाड्या पळवायच्या. त्यासाठी क्लबनं ग्रामीण भागातले दोन होतकरू रायडर निवडले होते. एक मी, घोडेगावची. दुसरा सागर, कर्जतचा, घरची बागायती शेती असलेला. दोघंही अठरा पूर्ण झालेले, लायसन्स नवं कोरं. मोबाईलमध्ये सोडून दोघांनीही आयुष्यात ट्रॅक पाहिलेला नाही.

त्या दुपारी आम्हा दोघांना बंगल्यावर बोलावलं होतं. भाऊसाहेबांनी दोन्ही सूट सोफ्यावर पसरले. एकाची बाही उचलून माझ्या हातात दिली.

"हात लावून बघ. प्युअर काऊहाईड आहे, बरं का. इम्पोर्टेड. जपून."

मी जपून हात लावला. आतल्या खोलीत जाऊन आधी लहान सूट चढवला. कंबरेत अडकला. बाहेर येऊन दाखवला तर काकू म्हणाल्या, "अगं, तो मोठा घाल. मुलींना कंबरेत सैल लागतं." काकू म्हणजे भाऊसाहेबांच्या पत्नी. "मॅडम काय गं, काकू म्हण मला," असं त्यांनीच दारात सांगितलं होतं. मोठा सूट बरोबर बसला. लहान मी सोफ्यावर ठेवला, सागरसाठी. तो बारीक आहे.

मोठा अंगात असतानाच चहा आला. काकूंनी चौकशी सुरू केली.

"आडनाव काय म्हणालीस?"

सांगितलं.

"घोडेगावात कुठे राहता?"

"रोडला. वडिलांचं, आप्पांचं दुकान आहे तिथं. गाड्यांची सीट कव्हरं शिवतात."

"अच्छा. म्हणजे पहिल्यापासून शिवायचंच काम का? आजोबा वगैरे?"

"आजोबा चपला शिवायचे."

"अच्छा," काकू म्हणाल्या.

हा दुसरा 'अच्छा' पहिल्यासारखा नव्हता. तुम्ही तो कधी ऐकला असेल तर मला जास्त लिहायची गरज नाही.

सागरनं लहान सूट उचलायला हात पुढं केला.

"थांब बाळा," काकू म्हणाल्या. आत गेल्या. बाटली घेऊन आल्या.

फुस्स. कॉलरवर. फुस्स. चेन उघडून आतून. काखेच्या जागी. मांड्यांच्या जागी. सूट उलटा करून पाठीला. मग वास आला. गावात राहिलेल्या माणसाला तो वास कशाचा ते सांगावं लागत नाही.

मी तिथंच उभी. हातात चहाचा कागदी कप. सागरच्या हातात चिनी मातीचा. चहा अर्धा पिऊन झाल्यावर मला हे दिसलं.

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. हसल्या. गोड हसल्या, खरंच गोड.

"तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. आमच्याकडे पद्धतच आहे, सासूबाईंनी लावून दिलेली. तुझ्या अंगातला रविवारी परत आला की त्याचंही करून घेईन."

भाऊसाहेब मोबाईल बघत होते.

सागरनं सूट घेतला. आत गेला. घालून आला.

"बसला की एकदम!" काकू म्हणाल्या.

घरच्या वाटेवर पांढरीपुलापर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. तिथं रस्त्याकडेला थांबले आणि चूळ भरली. पुन्हा भरली. चहाची चव जात नव्हती. मागच्या सीटवर सूट बांधलेला होता. सोडून टाकावा वाटला, रस्त्याकडेच्या गटारात. टाकला नाही. रविवारी मला गाडी पळवायची होती.

आम्ही चांभार. मी ते लपवत नाही. बंगल्यात सरळ विचारलं असतं तर तिथंही सरळ सांगितलं असतं. पण त्या सरळ विचारत नाहीत. तो शब्द तोंडात घ्यायचीच त्यांना घाण वाटते, म्हणून आजोबांच्या वाटेनं आत शिरतात.

माझे पणजोबा मोटा शिवायचे. विहिरीचं पाणी बैलांकडून ओढून वर काढायची ती कातड्याची मोट. साऱ्या शिवाराचं पाणी त्यांच्या टाक्यांवर तोललेलं वर आलं. त्या पाण्यावर गहू पिकला, पोळ्या झाल्या, देवाला नैवेद्य गेला. मोटेवर कुणी काही शिंपडल्याचं आमच्या घरात कुणी सांगितलेलं नाही. शिंपडायचे ते पणजोबा बसून उठल्यावर, बसल्या जागेवर. कातडं चालत होतं. शिवणारा चालत नव्हता. आता मोटा गेल्या, इम्पोर्टेड सूट आले. बाटलीला फवारा आला. एवढाच काय तो फरक.

मी गाड्यांत वाढले. आप्पांच्या दुकानासमोर सीट उघड्या पडलेल्या गाड्या उभ्याच असायच्या. सीट बसवून झालं की गाडी एक चक्कर मारून बघायची, सीट हलतंय का, करकरतंय का. ते काम माझं झालं. आधी दुकानामागच्या मोकळ्या जागेत, मग लायसन्स आल्यावर रोडवर. नंतर आप्पांनी एका गिऱ्हाइकाकडून दोनशे सीसीची जुनी गाडी मला घेऊन दिली. इंजिन चांगलं, बाकी सगळं खिळखिळं. ते आम्ही दोघांनी मिळून आवळलं.

घोडेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो. बाजार नसेल त्या दिवशी ते सगळं मैदान मोकळं. मी विटा मांडून त्यांच्यामधून गाडी काढायला शिकले. मैदानावर शेण असतं. ओल्या शेणावर ब्रेक दाबला की पुढचं चाक सरकतं, आणि चाक सरकलं की तोंड शेणात जातं. गेलंही. म्हणून ब्रेक हळू, बोटानं पिळल्यासारखा धरायची सवय लागली. कॉलेजात भाऊसाहेबांच्या क्लबनं रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम घेतला, शंकू मांडले, तेव्हा सगळ्यांत आधी आणि एकही शंकू न पाडता मी बाहेर पडले. भाऊसाहेबांनी स्टेजवर बोलावून डोक्यावर हात ठेवला. "ही आपल्या मातीतली मुलगी!" डोक्यावर हात ठेवताना त्यांना माझं आडनाव नीट ऐकू आलेलं नव्हतं बहुतेक.

ट्रॅक डे मिळाला आणि मी दुसरा विचार सोडला. वळणावर अंग गाडीच्या बाहेर काढायचं, गुडघा जमिनीकडं न्यायचा, हे मोबाईलवर बघून बघून शिकले. आप्पांनी लाकडाचा घोडा केला, गाडी त्याच्यावर पक्की उभी. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना मी शेजारी गाडीला लटकलेली. एक म्हातारा गिऱ्हाईक रोज यायचा, काम असो नसो.

"काय रं, पोरगी माकडावानी लटकतीय व्हय?"

"ट्रॅकला जायची हाय, तात्या," आप्पा सांगायचे.

"टाक्टर?"

"ट्रॅक. गाड्या पळवायचं मैदान आस्तं."

"मग हितं काय कमी पळवती का ती? परवा माझ्या शेळ्या पार वड्यात गेल्या."

आप्पा हसायचे. आप्पा फार हसत नाहीत. त्या दिवसांत हसले. माझ्या गाडीचं सीट त्यांनी उसवलं, फोम कापून पुढं उतरता केला, वर खरखरीत रेग्झिन घातलं, म्हणजे ब्रेक लावल्यावर मी टाकीवर घसरणार नाही पण वळणावर कंबर बाहेर काढता येईल. शिवून झाल्यावर स्वतः बसून पाहिलं, पुन्हा उसवलं, पुन्हा शिवलं.

तर त्या दिवशी मी सूट घेऊन घरी आले. आप्पांनी तो कापायच्या फळीवर ठेवला, पाठीवरून हात फिरवला, शिवण बघितली. "लई भारी माल हाय," म्हणाले. मग माझं तोंड बघितलं.

मी सांगितलं.

आप्पांनी सूटवरचा हात काढला नाही. बराच वेळ ते शिवणच बघत होते.

"घालून घे," शेवटी म्हणाले. "एक दिवसाचा प्रश्न हाय. तिथं गाडी बघत्यात, जात बघत न्हाईत. तू पळवून दाव. मग बघू कोन काय शिपडतंय."

आई चुलीपाशी होती. आई अंगणवाडीत मदतनीस आहे. तिच्या पेटीत पत्रकं आहेत. जयंतीची, मोर्चाची, परिषदांची, पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. बाराखडीच्या पुस्तकात 'कमळ' होतं, पत्रकात 'जाहीर निषेध' होता. मला दुसरं आधी वाचता आलं.

आई म्हणाली, "तू घालशीन त्ये धुतील. मग तू पळवून आल्याव ट्रॅक पन धुतील का?"

"तू गप," आप्पा म्हणाले. "पोरीची संधी हाय."

"म्हनूनच इचारलं."

जेवणं झाली.

शनिवारी आम्ही गाडी तयार केली. ट्रॅकला जायची गाडी म्हणजे रस्त्यावरच्या गाडीचे कपडे उतरवायचे. साडी गार्ड काढलं. गाडी झुकली की ते डांबराला घासतं. पायाचं गार्ड काढलं, मधला स्टँड काढला. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं पाणी भरलं, कारण कूलंट ट्रॅकवर सांडलं तर मागून येणारा घसरून मरतो. चेन धुतली, ताण बघितला. हेडलाईटवर पट्ट्या चिकटवायच्या असतात, काच फुटली तर तुकडे पसरू नयेत म्हणून. ते आणि आरसे काढायचं काम तिथं पोचल्यावर. बाकीच्यांच्या गाड्या टेम्पोतून येणार होत्या. मी चालवत जाणार होते.

काम करताना मी स्वतःशी भांडत होते. आप्पांचं खरं आहे, असं म्हणायचे. एकदा पळवली की कुणाच्या बापाला ते पुसता येणार नाही. आणि मग पाना हातात असताना तो आवाज कानात यायचा. फुस्स. किळस यायची. काकूंची तर होतीच, पण मला त्या हसण्याची जास्त किळस येत होती. शिवी दिली असती तर मी शिवी परत दिली असती. त्या हसल्या, आणि माझ्या तोंडून त्यांना 'बरं काकू' निघालं होतं.

रविवारी ट्रॅकवर पोचले. पारनेर तालुक्यातल्या एका माळावर कुणा उद्योजकानं बांधलेला छोटा ट्रॅक. पण मला तो केवढा वाटला. काळंभोर डांबर, खड्डा नाही, शेण नाही, समोरून येणारं कुणी नाही. वळणाच्या कडेला लाल-पांढरे पट्टे. मी जाळीला हात लावून नुसती बघत राहिले. पहिल्या वळणाला कुठं ब्रेक लावायचा ते मी तिथूनच ठरवलं.

गाडीची तपासणी झाली. आरसे काढून पिशवीत ठेवले, पट्ट्या चिकटवल्या. तपासणाऱ्यानं चाकं हलवून बघितली, ब्रेक दाबून बघितला, टाकीवर पासचा स्टिकर लावला. माझा नंबर पहिल्या ग्रुपात होता.

"सूट घाल, ब्रीफिंगला ये," तो म्हणाला.

आणि मी घालणार होते. आप्पांसाठी, त्या वळणासाठी. सूट हातावर घेऊन मी कपडे बदलायच्या तंबूकडं निघाले होते.

तेवढ्यात माईक सुरू झाला. तिथं फ्लेक्स लावला होता. त्यावर भाऊसाहेबांचा मोठा फोटो, खाली माझा आणि सागरचा, पासपोर्टएवढा. भाऊसाहेब बोलायला लागले.

"मित्रांनो, ट्रॅकवर जात नाही, धर्म नाही, गरीब नाही, श्रीमंत नाही. हेल्मेट घातलं की सगळे सारखे. आज आपल्यात दोन ग्रामीण रायडर आहेत. त्यांच्याकडे सूट नव्हते. मी माझ्या घरातले दिले. माझ्या मुलाचे. आपल्या अंगावरचं दुसऱ्याला द्यायला मन लागतं मित्रांनो!"

टाळ्या.

"ये पोरी, सूट घालून ये. आधी फोटो घेऊ."

बंगल्यात मी गिळलं होतं, घरी गिळलं होतं. आता जागा उरली नव्हती.

मी तंबूकडं गेले नाही. सरळ त्यांच्यापुढं गेले आणि सूट टेबलावर ठेवला.

"भाऊसाहेब, हा संध्याकाळी तुमच्या घरी परत आला की काकू ह्याच्यावर काय मारणार आहेत, ते पण सांगा माईकवर."

मागून कुणीतरी म्हणालं, "डिओ!" पोरं हसली.

मी म्हणाले, "गोमूत्र."

हसणं थांबलं.

"मी घालून काढलेल्या सूटवर मारलं. माझ्यासमोर. मग तो सागरला घालायला दिला. तोच आत्ता त्याच्या अंगात आहे."

सगळ्यांनी सागरकडं बघितलं. तो पुढंच उभा होता. पांढऱ्या-निळ्या सूटमध्ये, हेल्मेट काखेत. छान दिसत होता.

"सागर," मी म्हणाले, "तू होतास. सांग."

सागरनं ग्लोव्हजची पट्टी उघडली. पुन्हा लावली. पुन्हा उघडली.

भाऊसाहेबांनी माईकवर हात धरला. जवळ आले. चेहऱ्यावर हसू तसंच, आवाज खाली.

"अगं, घरातल्या बायकांच्या गोष्टी इथे काढायच्या असतात का? चांगलं चाललंय ना तुझं?"

त्यांनी शोरूमच्या माणसाला खूण केली. त्यानं टेम्पोतून एक खोका आणला, फोडला. आत नवा सूट. काळा, खांद्यावर लाल. नव्या लेदरचा वास सगळीकडं पसरला.

"हा घे. कंपनीचा आहे, पॅक. तुझ्या मापाचा. कायमचा तुला. परत द्यायचाच नाही, म्हणजे विषयच मिटला."

खोटं कशाला लिहू, माझा हात पुढं गेला होता. त्या सूटची बाही माझ्या बोटांना लागली होती. मऊ होती. मग त्यांचं वाक्य पुन्हा कानात वाजलं. परत द्यायचाच नाही. म्हणजे तो त्यांच्या घरात येणार नाही. माझ्या अंगाला लागलेलं काहीही त्यांच्या उंबऱ्याच्या आत यायला नको, म्हणून एवढा महागाचा माल ते खुशाल फेकायला तयार होते. बाटलीतलं मूत स्वस्त पडत होतं त्यापेक्षा.

मी हात मागं घेतला.

"नवा नको. तुम्ही माईकवर एवढंच म्हणा, आमच्या घरात झालं ते चूक झालं. मी हाच जुना घालते आणि पळवते."

सोपं होतं. एक वाक्य. मी तर तोच सूट घालायला तयार होते.

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. समोरच्या माणसांकडं बघितलं. त्यांत त्यांची गिऱ्हाइकं होती, मित्र होते, त्यांची पोरं होती. मग त्यांनी माईकवरचा हात काढला.

"चला मित्रांनो, उशीर होतोय. पहिला ग्रुप, गाडीवर!"

आणि लोक गाडीवर गेले. सगळे. कुणी माझ्या नजरेला नजर दिली नाही, पण पाय कुणाचेच अडले नाहीत. मघाशी 'डिओ' म्हणून ओरडणारा पोरगा माझ्या शेजारून जाताना हळूच म्हणाला, "तू बरोबर आहेस ताई." हळूच. म्हणजे मी सोडून कुणाला ऐकू जाऊ नये एवढं. आणि हेल्मेट घातलं.

मी पार्किंगमध्ये गेले. पिशवीतून आरसे काढले. हेडलाईटच्या पट्ट्या सोलल्या. आरशाचे बोल्ट आवळत होते तेव्हा पहिला ग्रुप सुटला. तो आवाज मी जन्मभर ऐकायला निघाले होते आणि तो माझ्या पाठीमागं होता. एक एक गाडी सरळ रस्त्यावर चढायची, आवाज ताणत जायचा, मग पहिल्या वळणाआधी एकदम खाली. मला न बघता कळत होतं, कोण लवकर ब्रेक लावतोय, कोण उशिरा. पाना दोनदा पडला. मी रडले का? हो. पण बोल्ट आवळले, गाडी सुरू केली आणि गेटमधून बाहेर पडले. ज्या डांबरासाठी मी महिनेच्या महिने शेणात पडले, त्याच्यावर माझं चाक लागलं नाही.

घरी आले तेव्हा आप्पा दुकानात होते.

"कशी पळाली?"

"न्हाई पळवली."

सगळं सांगितलं. नव्या सूटचंही. आप्पांनी मशीनवरचा पाय काढला. मला वाटलं ओरडतील.

"मला दिला आस्ता तर मी घेतला आस्ता," ते म्हणाले. मान खाली न घालता म्हणाले.

दारात आई उभी होती. "म्हनूनच ते देत्यात," ती म्हणाली.

संध्याकाळी सागरचा फोन आला. मागं गाड्यांचा आवाज होता, लोकं हसत होती.

"तू पाहिजे हुतीस. लई भारी झालं."

मी फोन घेऊन दुकानाबाहेर आले.

"हे बघ, मला बी पटलं न्हाई ते. आईशपथ न्हाई पटलं. पन मी काय करनार हुतो? त्यांच्या घरात बसलेलो. त्यांचाच सूट."

"त्यांनी बाटली आणली तेव्हा तू तो तसाच घालायचा," मी म्हणाले. "काही न मारता. म्हणायचं, असाच घालतो. एवढंच करायचं होतं तुला."

तो म्हणाला, "ते मला सुचलंच न्हाई."

मी त्याला खोटारडा म्हणत नाही. खरंच सुचलं नसेल. वाईट माणूस नाही तो. त्याला वाईट वाटलं, भाऊसाहेबांच्या क्लबातल्या निम्म्या लोकांना वाईट वाटलं असेल. काकूंना तर माझ्यासाठी आधीच वाईट वाटलं होतं, म्हणून तर त्या गोड हसल्या. या वाईट वाटण्यानं माझ्या कातडीवरचा एक थेंब पुसला गेला नाही. मला आता त्याचीही किळस येते, त्या वाईट वाटण्याची. ते घरी नेऊन एकट्यानं वाटून घेतात लोकं, आणि दुसऱ्या दिवशी फ्लेक्सखाली उभे राहून टाळ्या वाजवतात.

मी अजून ट्रॅकवर गेलेले नाही. कुणी बोलावलेलंही नाही. क्लबनं मला व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं, 'वातावरण बिघडवलं' म्हणून. कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं, थोडं सांभाळून घ्यायला हवं होतंस, भविष्य होतं तुझं. असेल. बाजारतळावर मी आजही विटा मांडते आणि त्यांच्यामधून गाडी काढते. ट्रॅकवर मी जाणार. उपकाराच्या कातड्यात जाणार नाही, आणि फोटोपुरती जाणार नाही. जो क्लब मला घेईल त्याला मी आधी ही गोष्ट सांगेन, मग ट्रॅकवरची माझी लॅप, एक पूर्ण चक्कर, बघ म्हणेन. ऐकून ज्याचा चेहरा आखडेल त्याच्या ट्रॅकवर मी थुंकणारही नाही. मला वेळ लागेल. लागू दे. गिळायचं मात्र संपलं.

आता तुमचं. हे वाचून माझ्याबद्दल हळहळू नका, त्याचा मला उपयोग नाही. मला तुमच्याकडून एक काम हवंय. आज ना उद्या तुमच्यासमोर हे होणार आहे. तुमच्या घरात, नातेवाइकांकडं, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत. कुणीतरी उठून जाईल आणि कुणीतरी हसत हसत त्याच्या मागची जागा पुसायला घेईल. तुम्ही तिथं असाल. ज्याची जागा पुसली जातेय तो माणूस दारातून बाहेर पडण्याआधी, त्याच्या कानावर पडेल एवढ्या मोठ्यानं म्हणा, "पुसू नका, मी तिथंच बसतोय." आणि जाऊन बसा.